क्रमांक एकतीसचे अकरा दिवस

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या मनात बरीच वर्षे असलेल्या एका कोड्यापासून सुरुवात करते. कोडे चांगले आहे, आणि त्याचे नीट उत्तर तुला अजून कुणी दिलेले नाही.

दर सहा महिन्यांनी तुझे रक्त तपासतात. सतरा वर्षांपैकी पहिले वर्ष सोडले तर प्रत्येक अहवालावर तेच वाक्य असते: विषाणू आढळला नाही. आणि त्याच दिवशी, त्याच इमारतीतल्या खालच्या खिडकीवर, तुझ्या हातात पुढच्या गोळ्या ठेवल्या जातात. तू एकदा डॉक्टरांना विचारले होतेस, "चोर घरात नाही म्हणता, मग रोज कुलूप कशाला लावायचं?" ते हसून म्हणाले, "कुलूप आहे म्हणूनच चोर नाही." वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण उत्तर म्हणून चूक आहे. चोर घराबाहेर गेलेलाच नाही. तो आत आहे आणि झोपला आहे.

हे जरा सावकाश सांगते. हा विषाणू पेशीत शिरला की तिच्या मूळ सूचनांच्या वहीत स्वतःचे पान चिकटवतो. अशा बहुतेक पेशी लवकर मरतात. पण काही पांढऱ्या पेशींचे कामच आठवण ठेवण्याचे असते: एकदा भेटलेला रोग पुन्हा आला तर ओळखायचा. काम नसेल तेव्हा त्या वर्षानुवर्षे निवांत पडून राहतात. विषाणूचे पान अशा पेशीत चिकटले आणि ती पेशी निजली, की तोही तिच्याबरोबर निजतो. तुझी गोळी विषाणूच्या कामात मोडता घालते. जो कामच करत नाही, त्याच्या कामात मोडता कसा घालणार? आणि तुझ्या अहवालात मोजतात तो रक्तात मोकळा फिरणारा विषाणू. निजलेला त्या मोजणीत येतच नाही.

या निजलेल्या पेशींपैकी एखादी अधूनमधून जागी होते. कोणती आणि केव्हा, हे कुणालाही सांगता येत नाही. गोळी चालू असेल तर जागा झालेला विषाणू उंबरठ्यावरच अडखळतो. नसेल तर काही आठवड्यांत सगळे घर त्याचे होते.

हे आज लिहिण्याचे कारण म्हणजे काल आलेला फोन. तुझ्या बायकोला मी लग्नापासून मास्तरीणबाई म्हणते, पण काल त्या खरोखरच वर्गात बोलतात त्या आवाजात बोलल्या.

"ताई, तुमच्या भावाच्या दुकानात चष्म्याच्या फ्रेमांच्या खोक्यामागे गोळ्यांच्या तीन डब्या सापडल्या. तिन्हींचं सील शाबूत आहे."

"कधीपासून?"

"ते तुम्हीच विचारा. मला म्हणतो, आता गरज उरली नाही. तुमचा फोन का उचलत नाहीस विचारलं, तर म्हणतो, ताई भाषण देते."

भाषण देते, हे खरे आहे. हे पत्र म्हणजे तेच भाषण. फक्त यात तुला मधूनमधून "हं, हं" म्हणावे लागणार नाही, एवढी सोय आहे.

कुणीतरी तुला अर्धवट माहिती दिली असावी, असे मला वाटते. या विषयात अर्धवट माहिती चटकन पसरते, कारण तीच ऐकायला गोड असते. कृपा करून कुणाचे ऐकू नकोस. उद्या डॉक्टरांकडे जा, रक्त दे, गोळी सुरू कर. आणखी एक वाक्य आहे, जे थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला लिहिण्याची रीत नाही, तरी लिहिते. तुझी गोळी नीट चालू होती तोवर मास्तरीणबाईंना तुझ्यापासून धोका नव्हता. आता तसे म्हणता येत नाही.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझे कार्ड पोचले. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढेच: "ताई, 'कुणीतरी' म्हणजे कोण? नाव आठवलं नाही, की आरशात दिसलं नाही?"

दिसले. आता ते नीट मांडते.

आठ डिसेंबरला सकाळी साडेदहा वाजता मी प्रयोगशाळेत होते. तुला ती खोली माहीत नाही. खिडक्या उघडत नाहीत, भिंतीशी तीन उबदार कपाटे आहेत आणि त्यांत शरीराच्या तापमानाला पेशी वाढवतात. एका कपाटात क्रमांक एकतीसच्या, म्हणजे आमच्या अभ्यासातल्या तुझ्या, प्लेटा होत्या. प्लेट म्हणजे तळहाताएवढी, पारदर्शक, नखाएवढ्या खाचांची तबकडी. प्रत्येक खाचेत एकतीसच्या लक्षावधी निजलेल्या पेशी ठेवायच्या, त्यांना जागे करणारे औषध घालायचे, शेजारी निरोगी माणसाच्या पेशी ठेवायच्या आणि तीन आठवडे थांबायचे. कुठल्याही खाचेत एक जरी विषाणू जागा झाला, तरी तो त्या निरोगी पेशींवर वाढतो आणि आपल्याला सापडतो. खोलीभर लोकांतून एका घोरणाऱ्याला शोधण्यासारखे आहे हे. डोळ्यांनी नाही दिसत, पण झोपू दिले तर कळते. नाही, उपमा उलटी झाली. आम्ही जागे करून शोधतो. थकल्यावर माझ्या उपमा पाय घसरून पडतात.

तीन आठवडे झाले होते. एकही खाच बोलली नाही.

माझा सहायक शेजारी उभा होता. त्याला सगळे काटेकोर म्हणतात, कारण तो चहाच्या कपावरसुद्धा तारीख लिहितो. मी "शून्य" म्हणाले आणि त्याने माझ्या हातातून पेन काढून घेतले. म्हणाला, "बाई, शून्य नंतर. आधी किती पाहिलं ते लिहा. नुसतं शून्य म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट."

पाच कोटी पेशी पाहिल्या होत्या. त्याने तसे लिहिले: पाच कोटींत आढळला नाही. मी मात्र गॅसच्या नळकांड्यांशेजारच्या बोळात गेले आणि तुला फोन लावला. तू काच घासत होतास. मागे यंत्राचा आवाज होता. मी म्हणाले, "धाकट्या, एकही नाही! एकसुद्धा नाही!" यंत्र बंद झाले. तू विचारलेस, "म्हणजे गेला?"

मी "हो" म्हटले नाही. या वाक्याच्या आडोशाला मी दोन महिने उभी आहे. मी हो म्हटले नाही, मी हसले. तुला ते हसणे ऐकू गेले, आणि त्याचा जो अर्थ कुणीही घेतला असता तोच तू घेतलास.

आता जे त्या दिवशी सांगायला हवे होते ते सांगते. अशा पेशी तुझ्या शरीरात दहा हजार कोटींच्या घरात असतात. आम्ही पाहिल्या पाच कोटी, म्हणजे दोन हजारांत एक वाटा. बाकीच्या एक हजार नऊशे नव्व्याण्णव वाट्यांविषयी त्या प्लेटेने चकार शब्द काढलेला नाही. तुझ्याच धंद्यातले उदाहरण घे. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ गिऱ्हाइकाला दिसत नाही. तेव्हा तू "ओळच नाही" असे म्हणत नाहीस, भिंग बदलतोस. आमच्याकडे याहून मोठे भिंग अजून नाही.

डॉक्टरांना फोन केलास का? मास्तरीणबाई सांगतात, केला नाहीस.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

या वेळी चार पाने आली. आईच्या आजारपणानंतर तुझ्या हातची एवढी पाने मी पाहिली नव्हती. दोनदा वाचली. त्यातल्या तीन गोष्टींना उत्तर देणे भाग आहे आणि त्यांतली तिसरी मला फार जड जाणार आहे.

पहिली. तू लिहितोस, "तक्त्याची शेवटची ओळ मी स्वतः छापून आणलेली आहे. तिथे अक्षरं आहेत हे मला माहीत आहे, म्हणून मी भिंग बदलतो. माझ्या अंगात अजून आहे हे तुला माहीत आहे का? हो की नाही एवढंच सांग, भाषण नको."

नाही. मला माहीत नाही. आमच्या अभ्यासातली तीच औषधे घेतलेल्या इतरांच्या प्लेटा बोलल्या. तुझी बोलली नाही. तुझ्या शरीरात दोन हजार जागू शकणाऱ्या पेशी असतील, वीस असतील, किंवा एकही नसेल. तिन्ही परिस्थितींत माझी प्लेट गप्प राहू शकते. माझे उदाहरण लंगडे होते आणि तू ते पायावरच पकडलेस. लहानपणी तुला गणित शिकवताना असेच व्हायचे: तू उत्तर चुकायचास आणि माझी रीत कुठे चुकली ते बरोबर दाखवायचास.

दुसरी. "गोळी बंद करून बघणं हीच शेवटची परीक्षा ना? मग तीच मी देतोय. तुमच्यात कुणात हिंमत नव्हती." धाकट्या, ती शेवटची परीक्षा आहे, हे बरोबर. जगात ती घेतलीही जाते. पण दर आठवड्याला रक्त तपासून, डॉक्टर शेजारी ठेवून, घरच्या माणसाला आधी सगळे सांगून आणि विषाणू दिसला की त्याच दिवशी गोळी सुरू करून. तू ती फ्रेमांच्या खोक्यामागे एकट्याने देतो आहेस. याला मी हिंमत म्हणत नाही. पण थकवा म्हटले तर मला समजतो. मास्तरीणबाईंनी मला सांगितले आहे की दर संध्याकाळी साडेआठचा गजर झाला की तू म्हणतोस, "चला, पुन्हा सतरा वर्षं मागे." सहा हजारांवर गोळ्या झाल्या असतील. त्यांतली प्रत्येक तुला तोच निरोप पुन्हा देते, हे माझ्या कधी लक्षात आले नाही. माझ्या लेखी ती उत्तम गोळी होती: एकच, लहान, दुष्परिणाम कमी.

तिसरी. "बाईंनी तुला फोन केला तेवीस जानेवारीला. पत्रावर तारीख तीन फेब्रुवारी, आणि आत लिहिलंस 'काल'. मधले अकरा दिवस टपालवाल्यांनी खाल्ले का?"

मी चार वेगवेगळी उत्तरे लिहिली आणि फाडली. एकात मला सर्दी झाली होती. एकात वार्षिक अहवाल होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कारण त्यांतली एकही नाही.

हे मागून सुरू करावे लागेल. संशोधनात भाग घेणाऱ्यांची नावे प्रयोगशाळेला कळू देत नाहीत, फक्त क्रमांक येतात. मोजणाऱ्याला माणूस ठाऊक असला की डोळा त्याच्या बाजूने झुकतो, म्हणून हा नियम. तू मागच्या वर्षी माझ्याकडे जेवायला आलास, पाकिटातून कार्ड काढलेस आणि म्हणालास, "एकतीस! लॉटरीचं तिकीट वाटतं की नाही?" त्या क्षणी मी तुझा हात धरून ते कार्ड खाली ठेवायला हवे होते आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगायला हवे होते की एकतीस माझा भाऊ आहे, त्याच्या प्लेटा दुसऱ्या कुणाकडे द्या. मी तुला भाजी वाढली. सांगितले असते तर एकतीस माझ्या हातून गेला असता, आणि मला तो पाहायचा होता. तू खुर्चीवर तीन तास दोन्ही हातांत सुया घेऊन बसायचास. एका हातातून रक्त निघायचे, यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचे, उरलेले दुसऱ्या हातातून परत जायचे. आणि दोन मजले वर मी त्या पिशवीची वाट पाहायचे. आधी एका औषधाने निजलेल्या पेशी जागवायच्या, मग सलाईनमधून दिलेल्या दुसऱ्या औषधाने त्या टिपायच्या, असा तो सगळा बेत. गोळी त्यात एक दिवसही थांबणार नव्हती.

आता अकरा दिवस.

तेवीस जानेवारीला फोन खाली ठेवला तेव्हा पहिला विचार तुझा नव्हता. मास्तरीणबाईंचाही नव्हता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि मोजले. माझ्या फोननंतर, दहा डिसेंबरला, तू गोळी थांबवली असशील तर आजचा दिवस चव्वेचाळिसावा. चव्वेचाळीस दिवस, आणि तुला ताप नाही, गाठी नाहीत, दुकान चालू आहे. बहुतेकांचा विषाणू चौथ्या आठवड्याच्या आत परततो. मला वाटले, उद्या फोन करते. उद्या पंचेचाळिसावा दिवस होता. धाकट्या, मी रोज सकाळी मनातल्या मनात आकडा एकाने वाढवत होते. कुठल्याही समितीने जी परवानगी मला कधीच दिली नसती, ती तू न विचारता देऊन टाकली होतीस, आणि मला ती सोडवत नव्हती. पंचावन्नाव्या दिवशी मास्तरीणबाईंचा निरोप आला: "ताई, तुम्ही त्याच्याशी बोललात ना?" तेव्हा मला माझा चेहरा दिसला. मग पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर "काल" असे लिहिले.

सतरा वर्षांपूर्वी तू येऊन सांगितलेस तेव्हाही मी असेच काहीतरी केले होते. एक पाकीट उलटे करून त्यावर पेशीचे चित्र काढायला घेतले. तू बराच वेळ पाहिलेस आणि म्हणालास, "ताई, आधी चहा तरी विचार."

रक्त दे. माझ्यासाठी नको, मला आता तो आकडा कळता कामा नये. मास्तरीणबाईंसाठी दे.

ताई


२ मार्च

धाकट्या,

मास्तरीणबाईंनी कळवले की चोवीस तारखेला तू स्वतःहून गेलास आणि रक्त दिलेस. जाताना म्हणालास म्हणे, "ताई एकदा तरी खरं बोलली, आता बक्षीस द्यायला हवं." बक्षीस मिळाले. मी ते पत्र हातात धरून बराच वेळ जिन्यात बसले होते.

मग तुझे कार्ड आले, आणि त्यावर ठळक अक्षरांत: "शहात्तरावा दिवस. आढळला नाही! आता बोल, विदुषी!"

बोलते. तुझ्या आनंदावर विरजण घालण्याचा मला कंटाळा आला आहे, पण दुसरे कुणी घालणार नाही. या अहवालात एका नळीभर रक्त पाहिले आहे. विषाणू शहात्तर दिवस न दिसणे ही चांगली गोष्ट आहे. बहुधा तुझा साठा खरोखरच फार लहान झाला आहे. पण साठा जितका लहान, तितकी पहिली पेशी जागी व्हायला उशीर, एवढेच त्यातून निघते. अशी माणसे होऊन गेली आहेत ज्यांच्यात तो महिनोन्‌महिने दिसला नाही, आणि मग एका साध्या मंगळवारी दिसला. तेव्हा दर आठवड्याला रक्त दे. एकही आठवडा चुकवू नकोस. बाकी तुझी गोळी, तुझे शरीर, तुझा निर्णय. डॉक्टर जे सांगतील ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील, कारण त्यांना तुझ्या प्लेटेची माया नाही.

मास्तरीणबाईंचाही अहवाल आला असेल. त्यांनी मला फोनवर सांगितले, "माझ्यात नाही." मी म्हणाले, "आज घेतलेल्या रक्तात आढळला नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा." त्या म्हणाल्या, "तुम्ही आता सुधारलात वाटतं." जानेवारीपासून त्या पुढच्या खोलीत झोपतात, हे मला माहीत आहे. तुझ्या पत्रात मात्र ते नव्हते.

इकडची हकीकत: सव्वीस तारखेला मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळे सांगितले. क्रमांक, कार्ड, फोन, हसणे, अकरा दिवस. शेवटी ते चष्मा काढून म्हणाले, "बाई, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर हे पाच मिनिटांचं काम होतं. एक सही, संपलं." मग चष्मा लावून म्हणाले, "मलाही बहीण आहे. पण माझ्या बहिणीला मी माझा क्रमांक सांगणार नाही."

एकतीसच्या सगळ्या मोजण्या बाजूला काढल्या आहेत. आमच्या पूर्ण अभ्यासातली सर्वांत सुंदर प्लेट आता मोजदादीत नाही. मला या कामातून वर्षभर दूर ठेवले आहे. माझी जागा तळमजल्यावर, जुने अहवाल ठेवतात त्या खोलीत. दिवसभर कागद चाळते. दहा वर्षांपूर्वीचा माझाच एक सापडला. त्यात मी लिहिले आहे की पुढील पाच वर्षांत निर्णायक प्रगती अपेक्षित आहे. तुलाही तेव्हा तेच सांगितले होते. तू म्हणालास, "पाच म्हणजे पाच ना?" मी म्हणाले, "फार तर सहा."

काटेकोर रोज दुपारी खाली येतो. मी खोटे बोलले याचा त्याला राग आहे, पण डबा माझ्याचबरोबर खातो. काल म्हणाला, "बाई, तुम्ही गेल्यापासून वर कुणी मला काही समजावून सांगत नाही. फार शांत आहे. बरं वाटतं, आणि नाहीही."

ताई


१९ मार्च

धाकट्या,

तुझे पत्र आज सकाळी आले. मास्तरीणबाईंनी आधीच फोन केला होता, त्यामुळे बातमी माहीत होती. तरी तुझ्या अक्षरात वाचताना ती पुन्हा नवी झाली.

सहा मार्चच्या रक्तात मिलिलिटरमागे नऊशे विषाणू. दहाच्या रक्तात अकरा हजार. शहाऐंशी दिवस तू कोरडा होतास आणि मग चार दिवसांत हे. तू लिहितोस की डॉक्टरांनी आकडा सांगितल्यावर तू दुकानात जाऊन फ्रेमांच्या खोक्यामागची पहिली डबी काढलीस, सील तोडलेस आणि गिऱ्हाइकासमोरच गोळी घेतलीस. गिऱ्हाईक म्हणाले, "डोकं दुखतंय का?" आणि तू म्हणालास, "सतरा वर्षं." हे वाचून मी एकटीच हसले, आणि मग हसणे आवरले नाही, आणि मग ते हसणे राहिले नाही.

तू मला दोष दिलेला नाहीस, हे मी दोनदा पाहून घेतले. दिला असतास तर सोपे झाले असते. तू म्हणतोस, "मला पडल्यासारखं वाटतं. परीक्षेत." धाकट्या, पडली ती प्लेट. तू नाहीस. आणि तीही पडली म्हणता येत नाही. तिला जेवढे विचारले तेवढेच तिने सांगितले. न विचारलेले तिच्या तोंडी घातले ते मी.

गोळी सुरू झाली आहे. हा विषाणू इतकी वर्षे तिच्याविरुद्ध एकदाही जिंकलेला नाही. काही आठवड्यांत तो पुन्हा रक्तातून जाईल. तुझा आकडा उतरला की मास्तरीणबाईंचा धोकाही उतरेल. त्यांची पुढची तपासणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. या वेळी त्यांना घेऊन तू जा. खुर्चीवर शेजारी बैस. काही समजावू नकोस. तो आपल्या घराण्यातला दोष आहे आणि तुझ्यात तो उशिरा उतरतो आहे.

"आता परत किती वर्षं?" असे विचारतोस. माहीत नाही. हे दोन शब्द मी तुला सतरा वर्षांपूर्वी, त्या पाकिटावर, चित्राच्या आधी लिहून द्यायला हवे होते. लोक काम करत आहेत. काहीजण निजलेल्यांना जागवून मारू पाहतात, काहीजण त्यांना कायमचे निजवू पाहतात, म्हणजे खोलीला बाहेरून कडी. मला दोन्ही वाटा आवडतात. तळमजल्यावर बसून सुद्धा आवडतात. पण आकडा देणार नाही.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, पेन्सिलने, तू लिहिले आहेस: "पण मग डिसेंबरात तो होता कुठे? पाच कोटींत एकही नाही म्हणजे थोडं का झालं? मला खरंच कळत नाही, ताई. समजाव."

धाकट्या, हा शब्द तू मला कितीतरी वर्षांनी लिहिला आहेस. मी सकाळपासून या एका प्रश्नावर बसले आहे. तीन पाने लिहिली, त्यांत दोन आकृत्या होत्या. ती बाजूला ठेवली. त्याऐवजी एक करून बघ. पाच मिनिटे लागतील, आणि मास्तरीणबाई लागतील.

किलोभर तांदूळ एका पिशवीत ओत. त्यात साधारण पन्नास हजार दाणे असतात. मास्तरीणबाईंना सांग की त्यांनी दहा दाणे लाल शाईत बुडवून, वाळवून, तू नसताना त्या पिशवीत टाकावेत आणि पिशवी चांगली हलवावी. मग तू डोळे मिटून एक चिमूट काढ. बोटांच्या टोकांत मावेल एवढीच, वीस-पंचवीस दाणे. पाच कोटी म्हणजे तुझ्या शरीराच्या हिशेबात एवढीच ती चिमूट होती. पांढऱ्या कागदावर ती पसर, डोळे उघड, आणि लाल दाणा शोध. नाही सापडला, तर त्यांना विचार: पिशवीत किती आहेत?

चिमूट परत टाक, पिशवी हलव, पुन्हा काढ. असे दहा वेळा कर, आणि प्रत्येक वेळी न चुकता त्यांना तेच विचार.

ताई